पकड किती आणि मोकळीक किती : विमानाच्या मोठ्या टायटॅनियम भागांचं मशिनिंग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट घडवले. त्यांच्या नावानं होणाऱ्या भाषणात कारखान्यातल्या कामाची बाजू मांडली जावी, असं मला वाटलं. म्हणून मी विषय घेतला तो थेट शॉप फ्लोअरवरचा : विमानाचे मोठे टायटॅनियम भाग मशिनवर कापले जात असताना ते धरून कसे ठेवायचे.

सभागृहात अभियंते आहेत तसे शिक्षक, विद्यार्थी आणि गृहिणीही आहेत. कापण्याबद्दल, यंत्राबद्दल, संगणकाबद्दल सगळेच बोलतात. धरण्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण धरणं ही किरकोळ, आधी उरकून टाकायची गोष्ट समजली जाते. माझं म्हणणं याच्या उलट आहे. मोठ्या टायटॅनियम भागाच्या बाबतीत निम्मी लढाई कटर धातूला टेकण्याआधीच जिंकलेली किंवा हरलेली असते. ती कशी, ते आज सावकाश उलगडून सांगतो.

आधी कामाचा आकार डोळ्यांसमोर आणू. अमेरिकेच्या एफ-२२ या लढाऊ विमानाच्या धडात टायटॅनियमचे मोठे बल्कहेड आहेत. बल्कहेड म्हणजे धडाला आडवा पेलणारा सांगाडा. त्यातल्या सर्वांत मोठ्याचं फोर्जिंग, म्हणजे दाबून घडवलेला कच्चा आकार, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्राफ्टन इथे, वायमन-गॉर्डन कंपनीच्या पन्नास हजार टनी प्रेसवर घडवलं जाई. १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलानं अवजड प्रेस उभारण्याचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्यातून ही प्रेस आली. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या त्या फोर्जिंगचं वजन जवळपास तीन टन, आणि मशिनिंग संपल्यावर हाती येणारा भाग दीडशे किलोच्या आसपास. म्हणजे वीस भागांतले एकोणीस भाग कापून काढायचे आणि उरलेला एक भाग आकाशात पाठवायचा. विकत घेतलेलं वजन आणि प्रत्यक्ष उडणारं वजन यांचं हे गुणोत्तर विमान उद्योगात फार बारकाईनं पाहिलं जातं. टायटॅनियममध्ये ते दहाला एक असणं नवलाचं नाही.

यातली पहिली अडचण इथेच दिसते. सुरुवातीला मशिनवर जो जॉब, म्हणजे कापायचा भाग, चढतो तो जाड, भक्कम, कुठेही पकडा असा ठोकळा असतो. शेवटी त्याच जागी उरते ती पातळ भिंतींची, खोल कप्प्यांची जाळी. एकाच फिक्स्चरला, म्हणजे जॉब धरणाऱ्या चौकटीला, किंवा फिक्स्चरांच्या एका साखळीला हे दोन्ही टोकांचे जॉब सांभाळायचे असतात.

एवढा खटाटोप करून टायटॅनियमच का वापरायचं? त्याचा सर्वांत प्रचलित मिश्रधातू म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेला टीआय-६-४. एक घन सेंटिमीटरचं वजन साडेचार ग्रॅमच्याही किंचित खाली, म्हणजे पोलादाच्या साठ टक्क्यांहून कमी. ताकद मात्र चांगल्या पोलादाच्या पंक्तीत बसणारी. ते गंजत नाही. आणि अलीकडच्या विमानांत एक नवं कारण आलं : कार्बन फायबर. बोइंग ७८७ हे विमान डिसेंबर २००९ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या वजनापैकी सुमारे निम्मा वाटा कंपोझिटचा आणि सुमारे १५ टक्के टायटॅनियमचा. कार्बन फायबरला ॲल्युमिनियम चिकटून बसलं आणि ओल आली की ॲल्युमिनियम झिजतं. टायटॅनियमला ते होत नाही. तापमानानुसार होणारं प्रसरणही टायटॅनियमचं कमी. त्यामुळे जिथे भार मोठा आणि शेजार कार्बनचा, तिथे टायटॅनियम येतं. लँडिंग गिअरची तुळई, इंजिन टांगणारा पायलॉन, दारांच्या चौकटी ही त्याची ठिकाणं.

आता त्याचे मशिनवरचे गुण पाहू. टायटॅनियममधून उष्णता फार हळू वाहते. टीआय-६-४ ची उष्णतावहनाची क्षमता साध्या पोलादाच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाची. कापताना निर्माण झालेली उष्णता चिपबरोबर किंवा जॉबमध्ये निघून जायला हवी. इथे ती कटरच्या धारेवरच साचते. तापलेल्या टायटॅनियमला दुसऱ्या धातूला चिकटण्याची खोडही आहे. म्हणून ते हळूच कापावं लागतं. कार्बाइडचा कटर ॲल्युमिनियममध्ये मिनिटाला हजारो मीटर वेगानं चालवता येतो. टीआय-६-४ च्या रफिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भरड कापणीत, तो वेग मिनिटाला ५० मीटरच्या आसपास ठेवावा लागतो.

इथे शाळेतलं एक सूत्र आठवा. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. समजा कटरच्या धारेवर १० किलोवॉट शक्ती खर्च होते आहे. ॲल्युमिनियममध्ये वेग मिनिटाला ३,००० मीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. तर बल येतं २०० न्यूटन, साधारण २० किलोचा रेटा. टायटॅनियममध्ये शक्ती तीच, पण वेग मिनिटाला ५० मीटर. तर बल येतं १२,००० न्यूटन, साधारण १,२०० किलोचा रेटा. साठपट! मशिन तेवढ्याच ताकदीचं, वीज तेवढीच, पण जॉबला बसणारा धक्का साठपट. ॲल्युमिनियमच्या कामात मुरलेला कारखाना टायटॅनियमकडे वळला की त्याची जुनी फिक्स्चरं एकाएकी तोकडी का पडतात, ते या एका हिशोबातून कळतं.

मग हा रेटा अडवायचा कशानं? चुंबकी टेबल बाद, कारण टायटॅनियम चुंबकाला लागत नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांसाठी निर्वाताची, म्हणजे व्हॅक्यूमची पकड उत्तम चालते. पण व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी त्याच्यामागे जोर वातावरणाच्या दाबाचाच असतो : एका चौरस सेंटिमीटरला एक किलो. तीस सेंटिमीटर लांब-रुंद जागेवर तो होतो ९०० किलो. पण हा दाब जॉबला खाली ओढतो. आडव्या रेट्याला तोंड द्यायचं काम घर्षणाचं. कूलंटनं ओल्या झालेल्या पृष्ठभागाचा घर्षणांक ०.१५ धरला तर हाती लागतात १३५ किलो. समोर उभे आहेत १,२००.

तोच हिशोब क्लॅम्पना, म्हणजे जॉब दाबून धरणाऱ्या पकडींना, लावू. केवळ घर्षणाच्या जोरावर १,२०० किलोचा रेटा अडवायचा, आणि सुरक्षिततेसाठी त्याची दुप्पट धरायची, तर जॉबवर १६ टन दाब द्यावा लागेल. एवढा दाब पातळ होत जाणाऱ्या भागावर दिला तर तो भाग क्लॅम्पखालीच वाकेल. म्हणून चांगलं फिक्स्चर आडव्या रेट्याचं काम घर्षणावर सोपवत नाही. रेटा ज्या दिशेला जातो त्या दिशेला घट्ट ठोकळा, स्टॉपर किंवा पिन उभी करतं. रेटा ठोकळ्यानं घ्यायचा आणि क्लॅम्पनं जॉबला ठोकळ्यापासून दूर जाऊ द्यायचं नाही, ही कामाची वाटणी आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानंही कटरची वाट अशी आखायची की जॉब पक्क्या ठोकळ्याकडे ढकलला जाईल, क्लॅम्पकडे नाही. फिक्स्चर करणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा यांनी एका टेबलाशी बसावं, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगतो ते यासाठी.

जॉबची जागा ठरवण्याचं तत्त्व जुनं आहे आणि सुंदर आहे. अवकाशातल्या कुठल्याही घन वस्तूला हालचालीचे सहा मार्ग असतात : तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. हे सहा मार्ग बंद करायला सहाच बिंदू लागतात. तळाला तीन, लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. याला तीन-दोन-एक म्हणतात. तळाला चौथा पक्का बिंदू दिला की काय होतं? चारही बिंदू मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत एका पातळीत असणं अशक्य, म्हणून जॉब तीनावर बसतो आणि चौथ्याशी फट राहते. मग कुणीतरी क्लॅम्प आवळून ती फट मिटवतो. फट मिटली म्हणजे जॉब वाकला.

पण तीन मीटर लांबीचा भाग तीन बिंदूंवर ठेवला तर तो मध्ये झोळणार आणि कटरखाली थरथरणार. इथे कारागिरी लागते. जागा ठरवणारे बिंदू सहाच ठेवायचे, आणि बाकीच्या ठिकाणी आधार असे द्यायचे की ते जॉबला ढकलणार नाहीत. साध्या कारखान्यात हे काम स्क्रू-जॅकनं होतं : जॅक बोटांनी वर आणायचा, जॉबला जेमतेम टेकला की थांबायचं आणि चेकनट लावायचा. मोठ्या फिक्स्चरवर हायड्रॉलिक वर्क सपोर्ट असतात. त्यातला दट्ट्या हलक्या स्प्रिंगनं वर येतो, जॉब जिथे असेल तिथे त्याला हळूच टेकतो आणि मग तेलाच्या दाबानं जागच्या जागी जखडला जातो. जॉबला त्यानं उचललेलं नसतं; जॉब जसा आहे तसा त्यानं मान्य केलेला असतो. टायटॅनियम धरण्याच्या साऱ्या विद्येचं सार मला या लहानशा दट्ट्यात दिसतं.

क्लॅम्पचेही नियम आहेत. क्लॅम्प जिथे दाबतो त्याच्या थेट खाली आधार हवा. पट्टीच्या क्लॅम्पमध्ये बोल्ट जॉबच्या जवळ असावा, मागच्या ठोकळ्याच्या जवळ नाही. बोल्ट बरोबर मध्ये असेल तर त्याचा निम्माच जोर जॉबला मिळतो. जॉबकडे सरकवून अंतराचा तिसरा भाग उरेल असा ठेवला तर दोन तृतीयांश मिळतो. मागचा ठोकळा जॉबपेक्षा किंचित उंच, कधीही ठेंगणा नाही. बोल्ट टॉर्क रेंचनं आवळायचे, अंदाजानं नाही. हायड्रॉलिक क्लॅम्प असतील तर दाबावर लक्ष ठेवणारा स्विच मशिनच्या कंट्रोलला जोडलेला असावा, म्हणजे दाब उतरला की मशिन आपोआप थांबेल. टेकण्याच्या जागेवर हवेची बारीक फुंकर सोडून जॉब खरोखर टेकला आहे की मध्ये चिप अडकली आहे, हे तपासण्याची सोयही आता मिळते.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी चाचणी. जॉब ठेवला की क्लॅम्पच्या शेजारी डायल, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारा काट्याचा मापक, लावायचा, काटा शून्यावर आणायचा आणि मग बोल्ट आवळायचा. काटा जागचा हलला नाही तर जॉब आधारावर नीट बसला आहे. काटा हलला तर खाली फट आहे आणि आपण जॉबला वाकवत आहोत. तेव्हा बोल्ट सैल करायचा, फीलर गेजनं फट मोजायची, तेवढ्या जाडीची शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालायची आणि पुन्हा आवळायचं. दोन-चार शतांश मिलिमीटरसाठी हा उपद्व्याप कशाला, असं नवख्याला वाटतं. उत्तर असं की वाकवून धरलेला जॉब मशिनवर अगदी बरोबर मापात कापला जातो. मशिनवरची तपासणीही बरोबर येते. क्लॅम्प सोडला की तो आपल्या मूळ आकाराकडे परत जातो आणि मघाशी सपाट कापलेली पाठ आता वाकडी दिसते. टायटॅनियम यात विशेष हट्टी आहे. त्याची लवचीकता पोलादाच्या जवळपास दुप्पट आणि ताकद मोठी, म्हणून ते बरंच वाकतं आणि सगळं परत येतं.

सुरक्षित पकड कशाला म्हणायचं, याची माझी व्याख्या इथून निघते. जॉब कटरच्या रेट्यापुढे हलला नाही हा तिचा अर्धा भाग. धरलेला असताना आणि सुटा असताना जॉबचा आकार एकच राहिला, हा दुसरा भाग. पहिला भाग जोरानं साधतो. दुसरा साधायला समज लागते.

दुसरा भाग अवघड का, याचं खरं कारण धातूच्या पोटात आहे. फोर्जिंग तापवून घडवलं जातं, मग उष्णता-प्रक्रियेत झपाट्यानं थंड केलं जातं. बाहेरचा थर आधी थंड होतो, गाभा मागून. त्या ओढाताणीत बाहेर दाब आणि आत ताण असा समतोल धातूत कायमचा गोठून राहतो. सुताराला हे माहीत आहे : आतून ताण असलेली फळी उभी चिरली की दोन्ही भाग करवतीच्या मागे वाकत जातात. आपण फोर्जिंगचा एकोणीस-विसांश भाग काढतो, तेव्हा हा समतोल थराथरानं मोडत असतो. प्रत्येक थरानंतर जॉबला थोडं वळावंसं वाटतं. क्लॅम्प त्याला वळू देत नाही, म्हणून ते वळणं साठत जातं आणि शेवटी क्लॅम्प सोडल्यावर एकदम बाहेर येतं. कित्येक महिने वाट पाहून आलेलं महागडं फोर्जिंग शेवटच्या टप्प्यावर असं हातचं गेलं, की अख्ख्या शॉपवर शांतता पसरते.

उपाय काय? जॉबला मध्येमध्ये सुटू द्यायचं. आधी एका बाजूनं थोडं कापायचं, मग उलटवून दुसऱ्या बाजूनं. रफिंग झालं की सगळे क्लॅम्प सोडायचे, जॉबला हवं तेवढं वळू द्यायचं, वळलेल्या स्थितीत तो मोजायचा, टेकण्याच्या जागा पुन्हा सपाट करून घ्यायच्या आणि मग हलक्या पकडीनं, फटींत शिम घालून, फिनिशिंग करायचं. वेळापत्रक पाहणाऱ्याला क्लॅम्प सोडण्या-बांधण्यातले तास वाया गेल्यासारखे दिसतात. ते तास म्हणजे कामाचाच भाग आहेत आणि अंदाजपत्रकात त्यांना स्वतंत्र ओळ मिळायला हवी.

फोर्जिंगची सुरुवातही अशीच सबुरीनं करावी लागते. प्रेसमधून आलेला आकार आदर्श नसतो. कुठे थोडा जाड, कुठे किंचित पिळलेला. वर ऑक्सिजन मुरलेला कडक, ठिसूळ थर असतो, तो सगळीकडून काढायचा असतो. म्हणून पहिल्या सेटिंगला पक्के आधार न देता हलवता येणारे जॅक देतात, फोर्जिंग सगळीकडून मोजून घेतात, तयार भाग त्याच्या आत सर्व बाजूंनी पुरेसा धातू राखून बसेल अशी जागा शोधतात आणि मगच पहिली सपाट पाठ कापतात. पुढची सगळी मापं त्या पाठीवरून निघतात. शहाणा आराखडाकार फोर्जिंगच्या कडेला जादा धातूचे कान राखून ठेवतो. त्या कानांत बोल्टची भोकं पाडून जॉब फिक्स्चरला बांधता येतो, वरची सगळी पाठ कटरला मोकळी मिळते आणि क्लॅम्प वाटेत येत नाही. कान अगदी शेवटी कापून टाकायचे.

तापमानाकडेही लक्ष हवं. एक मीटर टायटॅनियम एका अंशाला साधारण ८.६ मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२, ॲल्युमिनियम २३. तीन मीटरचा भाग घ्या आणि शॉपमधलं तापमान सकाळपासून दुपारपर्यंत पाच अंशांनी चढलं असं धरा. टायटॅनियम १३० मायक्रॉनच्या आसपास वाढेल, पोलादी फिक्स्चर १८०, ॲल्युमिनियमचं फिक्स्चर ३४५. जॉबची दोन्ही टोकं घट्ट पिनांत अडकवली असतील तर हा फरक कुठे जाईल? जॉबच्या पोटात ताण बनून. म्हणून एका टोकाची पिन गोल आणि घट्ट, तर दुसऱ्या टोकाची दोन्ही बाजूंनी कापलेली, लांबीच्या दिशेनं जागा सोडणारी. आडवं सरकणं बंद, लांबीची वाढ मोकळी. फिक्स्चर पोलादाचं किंवा बिडाचं का करतात, त्याचं एक कारणही या आकड्यांत आहे. वजन आणि कंप शोषण्याचा गुण ही बाकीची दोन.

कंपाचा उल्लेख झाला, तर त्याविषयी. ८० मिलिमीटर व्यासाचा, सहा इन्सर्टचा, म्हणजे सहा बदलत्या धारांचा, कटर मिनिटाला ५० मीटर वेगानं चालवायचा तर तो मिनिटाला सुमारे २०० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला २० ठोके, प्रत्येक ठोका टनाच्या मापातला. मोठी, उंच फिक्स्चरं आणि मशिनचे खांब नेमके अशाच मंद लयीत डोलतात. लय जुळली की चॅटर, म्हणजे कटर आणि जॉबची थरथर, सुरू होतो. इन्सर्टचे तुकडे उडतात आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. टायटॅनियमचे मोठे भाग आता बऱ्याचदा आडव्या स्पिंडलच्या मशिनवर, उभ्या पॅलेटला लावून कापतात, म्हणजे चिप खाली पडते आणि कप्प्यांत साचून पुन्हा चिरडली जात नाही. पण मग जॉबचं वजनही भिंतीवर टांगलेलं असतं, आणि पकडीच्या हिशोबात ते धरावं लागतं.

पातळ भिंतींचा प्रश्न वेगळ्याच मार्गानं सुटतो. भिंतीची जाडी निम्मी झाली की तिचं वाकणं आठपट होतं. अशा भिंतीला बाहेरून आधार द्यायला फिक्स्चरची बोटं पोचत नाहीत. कधी कप्प्यांत कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओततात. ज्या टर्बाइन पात्यांना धड कुठे धरता येत नाही त्यांच्यासाठी ही पद्धत जुनी आहे. पण मोठ्या भागांसाठी सर्वांत चांगला आधार म्हणजे अजून न कापलेला धातू. भिंत वरून खाली टप्प्याटप्प्यानं कापायची : थोडी डावीकडून, थोडी उजवीकडून, मग एक पायरी खाली. कटर जिथे चालतो त्याच्या लगेच खाली जाड धातू असतो आणि तो भिंतीला घट्ट धरून ठेवतो. कापण्याचा क्रम हेच तिथलं फिक्स्चर.

पकडीच्या साधनांतून जॉबला इजा होऊ नये, हाही सुरक्षिततेचा भाग आहे. लॉकहीडच्या कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथल्या विभागात केली जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ए-१२ आणि पुढे एसआर-७१ ही टायटॅनियमची विमानं घडली. १९६० च्या दशकात जगाला हे धडे तिथेच मिळाले. कॅडमियमचा मुलामा असलेल्या पान्यांनी आवळलेल्या बोल्टांची डोकी तापल्यावर तुटून पडत. तसे पाने हुडकून शॉपमधून काढून टाकावे लागले. उन्हाळ्यात धुतलेले जोड लवकर निकामी होत, कारण शहराच्या पाण्यात त्या दिवसांत क्लोरीन जास्त असे. म्हणून आजही टायटॅनियमला टेकणाऱ्या क्लॅम्पवर, बोल्टवर कॅडमियमचा मुलामा चालत नाही आणि कूलंट, पुसण्याची द्रव्यं क्लोरीनमुक्त लागतात. बारीक चिपचा ढीग फिक्स्चरच्या कोपऱ्यात साचू द्यायचा नाही, कारण तो पेट घेऊ शकतो; पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पूड वापरायची. हे शॉपमधल्या प्रत्येकाला पाठ असलं पाहिजे.

एवढी काळजी कुणासाठी? ६ जुलै १९९६ रोजी फ्लोरिडातल्या पेन्साकोला विमानतळावर डेल्टा एअर लाइन्सचं एमडी-८८ विमान उड्डाणासाठी धावत असताना त्याच्या डाव्या इंजिनाचा पंखा धरणारा टायटॅनियमचा हब फुटला. तुकडे प्रवासी कक्षात शिरले आणि दोन प्रवासी मरण पावले. चौकशीत कारण निघालं ते हबच्या एका भोकात : कारखान्यात ड्रिलिंग होताना तिथे धातूचा एक थर बदलून कडक झाला होता, त्यातून बारीक भेग सुरू झाली होती, आणि तपासणीत ती सुटली होती. तो प्रश्न पकडीचा नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण मशिनवर क्षणभर झालेली इजा टायटॅनियम कितीतरी वर्षं पोटात ठेवतं, हे त्या घटनेनं दाखवलं. पकड ढिली असली तरी हेच घडू शकतं : जॉब किंचित सरकला, कटर कापण्याऐवजी घासला, जागा तापली. वरून पॉलिश केल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून जॉब सरकल्याची शंका आली तरी ऑपरेटरनं मशिन थांबवून सांगितलं पाहिजे, आणि सांगणाऱ्याला शाबासकी मिळाली पाहिजे. ज्या शॉपमध्ये सांगणाऱ्यावर डाफरलं जातं, तिथलं कुठलंच फिक्स्चर सुरक्षित नाही.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. टायटॅनियमचं खनिज असलेलं इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. केरळात चवरा इथे हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेच्या तंत्रानं टायटॅनियम स्पंज तयार करणारा कारखाना उभा आहे. हैदराबादची मिधानी ही कंपनी टायटॅनियमचे मिश्रधातू बनवते. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं सुखोई-३० एमकेआय विमानं बांधली. पुण्याच्या भारत फोर्जनं बोइंग ७३७ साठी टायटॅनियमचे फ्लॅप-ट्रॅक फोर्जिंग पाठवले. खनिजापासून विमानापर्यंतच्या कड्या आपल्या देशात आहेत. भोसरी, चाकण, कोल्हापूर, नाशिक इथे जॉब बांधणारे निष्णात हातही आहेत.

पुढे थ्री-डी प्रिंटिंग येईल, मग धरायचा प्रश्नच उरणार नाही, असं तरुण मित्र म्हणतात. ७८७ साठी छापील टायटॅनियमच्या रचनात्मक भागांना २०१७ मध्ये अमेरिकी हवाई प्रशासनाची मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण छापलेल्या भागालाही शेवटचं मशिनिंग लागतं. तो आधीच अंतिम आकाराच्या जवळ असतो, म्हणजे पकडायला जादा धातू नाही, कान नाहीत, सपाट पाठ नाही. धरण्याची विद्या उद्या कमी लागणार नाही, अधिक लागेल.

म्हणून या व्यासपीठावरून तीन मागण्या करतो. पहिली, शिक्षणसंस्थांकडे. जिग्ज अँड फिक्स्चर्स हा विषय आकृत्या काढून संपवू नका. प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं जॉब बांधावा, डायल लावून बोल्ट आवळावा, काटा हललेला पाहावा आणि शिम घालून तो थांबवावा. एका दुपारचा हा पाठ शंभर आकृत्यांहून अधिक शिकवेल.

दुसरी, कारखान्यांच्या मालकांकडे. फिक्स्चरचा खर्च आणि क्लॅम्प सोडून जॉबला विसावू देण्याचे तास निविदेत धरा. जॉब बांधणाऱ्या सेटरला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या बरोबरीचं स्थान द्या. प्रक्रिया ठरवण्याच्या बैठकीत तो पहिल्या दिवसापासून हवा. जॉब वाकडा आल्यावर जाब द्यायला त्याला बोलावणं हा उलटा कारभार आहे.

तिसरी आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची, खुद्द सेटर-ऑपरेटर मंडळींकडे. प्रत्येक मोठ्या जॉबचा क्लॅम्प सोडताना डायल लावा आणि काटा किती हलला ते लिहून ठेवा : कुठला भाग, कुठला टप्पा, कुठल्या बिंदूवर, किती. आपण बांधण्याच्या नोंदी ठेवतो. सुटण्याच्या ठेवत नाही. पकड किती द्यावी आणि मोकळीक किती, याचं उत्तर या सुटण्याच्या नोंदींत आहे. ते तुमच्या हातांना आज कळतं, पण तुमच्या निवृत्तीबरोबर कारखान्याबाहेर जातं. ते वहीत उतरलं तर पुढची पिढी तुम्ही थांबलात तिथून पुढे जाईल. गुरुजींनी घडवलेल्या माणसांकडून त्यांचं हे काम पुढे नेण्याची अपेक्षा मी अधिकारानं करतो.